पोट भरले, हाडे उपाशी

महाभारताच्या आदिपर्वात मुख्य कथा सुरू होण्याच्या आधीच कुत्र्याचे एक पिल्लू मार खाते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चाललेले असते. सरमेचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. आईलाही आधी वाटते, यानेच काही आगळीक केली असणार. पिल्लू सांगते की हविर्द्रव्याला तोंड लावणे दूरच, आपण त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अन्नाजवळ पिल्लू दिसले की ते अधाशीच असणार, हा समज असा फार जुना आहे.

घरी पिल्लू आणलेल्यांचा अनुभवही या समजाला पुष्टी देणारा. वाटी चाटूनपुसून लख्ख होते आणि पिल्लू पुन्हा आपल्या तोंडाकडे बघत बसते. मग आपण आणखी अर्धी पोळी दुधात कुस्करतो. अशा खाण्याने पोट भरते, पण अंग धरते का? या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी मिळाले. गंमत म्हणजे, शोध चालला होता तो माणसांच्या मुलांसाठी.

त्या काळी ब्रिटनच्या धुरकट औद्योगिक शहरांत मुडदूस घरोघर होता. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत. ग्लासगोच्या काही संशोधकांचे मत होते की कोंदट घरे आणि व्यायामाचा अभाव हेच याचे कारण. एडवर्ड मेलनबी यांना आहाराचा संशय होता. त्यांनी शेकडो पिल्लांना निरनिराळे आहार देऊन पाहिले. पाव, साय काढलेले दूध, जवसाचे तेल. कधी ओटची लापशी. म्हणजे आपल्या दूधपोळीचे विलायती भावंडच!

पिल्ले खात होती, वजनही वाढत होते आणि पाय मात्र वाकत होते. पाव वाढवला की दुखणे बळावे. जे पिल्लू झपाट्याने वाढे, त्याला मुडदुसाचा धोका अधिक. धान्यांत ओट सर्वांत वाईट ठरले. धान्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम अडवून धरते, हे पुढे १९३०च्या दशकात मेलनबी यांनीच दाखवले. याच आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले की मुडदूस होत नसे. हे निष्कर्ष १९१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तेलातील गुण ‘अ’ जीवनसत्त्वाचा असावा, असा मेलनबी यांचा कयास होता. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातले ‘अ’ नष्ट करून पाहिले, तरी मुडदूस बरा झालाच. हा दुसरा घटक म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व.

१९१९ सालीच बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुलांचा मुडदूस बरा केला होता. मग खरे कोण? दोघेही. माणसाची कातडी उन्हात ‘ड’ तयार करते. कुत्र्याच्या कातडीला ते जवळजवळ जमतच नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. मेलनबींनी नेमका कुत्रा निवडला म्हणून आहाराचा दोष इतका उघडा पडला. त्या पिल्लांची किंमत मोजून असंख्य मुलांचे पाय सरळ राहिले, हे विसरू नये.

बरे, सकस अन्न असले तर मागेल तितके द्यावे का? १९७४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांचा अहवाल आला. ग्रेट डेन जातीच्या काही पिल्लांना पौष्टिक अन्न हवे तितके खाऊ दिले, काहींना त्याच्या दोन तृतीयांशच. हाडांची आणि सांध्यांची दुखणी पोटभर खाणाऱ्यांना जडली. लॅब्रेडॉरच्या ४८ कुत्र्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, पण मोजून खाणे द्यावे असे पशुवैद्य सांगतात, ते यासाठी. वाटी पाहून ठरवण्याऐवजी बरगड्या चाचपाव्यात. सहज हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना उठून दिसू नयेत. खाऊनही पिल्लू खंगत असेल आणि पोट तेवढे नगाऱ्यासारखे असेल, तर आधी जंतांचे औषध विचारावे. वाढीव पोळी त्या जंतांच्याच कामी येते.

काही पिल्लांची भूक मात्र खरोखरच शमत नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना अनेक लॅब्रेडॉर कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला आढळला. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचावा, यात या जनुकाचा वाटा असतो. घरगुती लॅब्रेडॉरांत हा दोष सुमारे चौथ्या हिश्श्यात होता. अपंगांच्या मदतीसाठी निवडलेल्या कुत्र्यांत मात्र तो ७६ टक्के निघाला. अशा कुत्र्यांना खाऊचे आमिष दाखवूनच शिकवतात. बहुधा त्यामुळे अधाशी पिल्लेच हुशार ठरून निवडली गेली असावीत.