खण, खोली आणि चौरस फूट : घराच्या आराखड्याचा आणि हिशेबाचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका जोडप्याने मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, प्लॉट घेतलाय. आर्किटेक्टने तीन प्लॅन दिलेत आणि आमचं बजेट त्यातल्या एकातही बसत नाही. तुम्ही जुन्या वाड्यांवर एवढं बोलता, मग सांगा, पूर्वीचे लोक हे कसं जमवायचे?" मी इतिहास शिकवतो, घरं बांधत नाही, असं म्हणून मी तेव्हा सुटका करून घेतली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर. कुटुंबासाठी नवं घर बांधायचं ठरलं की जागा कशी वाटायची, पैशाचा मेळ कसा घालायचा, आणि हे सगळं ठरवताना घरातल्या कोणाकोणाला विचारलं जायचं? हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा. आपण पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

सुरुवात खणापासून करू. तुमच्यापैकी काहींनी आजी-आजोबांच्या तोंडी "आमचं घर सहा खणी" असे शब्द ऐकले असतील. चोळीचा खण वेगळा, हा घराचा. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. लाकडी सांगाड्याच्या घरात खांब उभे करायचे आणि त्यांवर तुळया टाकायच्या. तुळई किती लांब? तर हाती आलेलं सागवान जेवढं लांब तेवढी. त्याहून रुंद खोली हवी असेल तर मध्ये खांब द्यावाच लागतो. त्यामुळे घराचं माप आणि घराचा खर्च एकाच शब्दात सांगता यायचा. सहा खण म्हटलं की खांब किती, तुळया किती, हे सुतारालाही कळायचं आणि मालकालाही. वेगळं अंदाजपत्रक नंतर, पहिला अंदाज त्या शब्दातच.

खणाचा दुसरा गुण असा की तो वाढवता येतो. एखाद्या वर्षी पीक चांगलं आलं, थोरल्याचं लग्न ठरलं, की शेजारी आणखी दोन खण. आणि भावाभावांत वाटण्या झाल्या की त्याही खणांनीच. म्हणजे आराखड्यात आज झालेली चूक दहा वर्षांनी, पुढच्या पिढीत का होईना, दुरुस्त करता येत होती.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे शनिवारवाडा. आपण त्याच्याकडे सत्तेचं ठाणं म्हणून पाहतो. पण बाजीरावांच्या दृष्टीने ते पुण्यातलं नवं राहतं घरही होतं. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. हा आकडा पाहून आज आपल्याला हसू येतं, पण त्यातला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. हा पहिल्या घराचा खर्च आहे. आज आपण ज्याला शनिवारवाडा म्हणतो ते सगळं त्यात आलेलं नाही. तटबंदी पुरी झाली नानासाहेबांच्या काळात. दिवाणखाने, चौक, महाल, कारंजी पुढच्या पिढ्यांनी वाढवली. १८२८ च्या आगीत वरचं लाकूडकाम जळालं आणि खाली जोती उरली. पुढच्या वेळी गेलात तर दरवाजाचा फोटो काढून परत फिरू नका. आत जाऊन त्या जोत्यांवरून चाला. पुढचा चौक, मागचा चौक, कुठे काय वाढवलं असेल, याचा अंदाज घ्यायला मजा येते.

पण थांबा. जुनं ते सगळं शहाणपणाचं, असं मी म्हणत नाही. वाड्याचा आराखडा कोणी ठरवला, ते पाहा. ओटी आणि सदर पुरुषांची. तिथे उजेड आणि वारा. त्यामागे माजघर, बहुतेक वेळा अंधारं, आणि बायकांचा सगळा दिवस तिथे किंवा चुलीच्या धुरात. बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यात कोंदट. शौचकूप मागच्या बोळाला, कारण ते साफ करायला येणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने यायचं नाही, असा दंडक होता. नकाशा कागदावर नसला तरी डोक्यात पक्का होता, आणि त्यात प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. घर बांधताना ज्याचा शब्द चालत नव्हता, त्याच्या वाट्याला अंधार आला.

आता मुंबईला जाऊ, कारण तिथे मापाचा शब्दच बदलला. खण जाऊन खोली आली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची, हवा न खेळणारी घरं हे त्याचं एक कारण मानलं गेलं आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. आपल्या ओळखीच्या बीडीडी चाळी याच खात्याच्या. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायची योजना होती. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. गुणाकार केलात तर सोळा हजारांच्या वर खोल्या होतात, म्हणजे ठरवल्याच्या एक तृतीयांश.

आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, त्यातल्या कितीतरी खोल्या सुरुवातीची बरीच वर्षं रिकाम्या पडून होत्या. मुंबईत घरांची टंचाई असताना! बांधकामाचा खर्च वाढला होता आणि भाडं गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा उपयोग तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. राहण्यासाठी बांधलेली खोली कोठडी म्हणून चालून गेली, यावरून आराखडा करताना कोणाचा विचार झाला होता, ते तुम्हीच ठरवा. पुढे त्याच खोल्यांत लोकांनी संसार केले, पोटमाळे काढले, व्हरांड्यात गणपती बसवले. चाळ जिवंत केली ती राहणाऱ्यांनी. आज तिथे पुनर्विकासात कुटुंबामागे ५०० चौरस फूट मिळताहेत, म्हणजे शंभर वर्षांनी तिप्पट जागा.

त्याच मुंबईत, बीडीडीच्या पाच वर्षं आधी, एक वेगळा प्रयोग झाला होता. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली. त्यामागे होते रावबहादूर श्रीपाद तालमकी. ताडदेवची तालमकीवाडी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. कल्पना साधी होती. एकट्या कारकुनाला मुंबईत घर बांधणं जमणार नाही. पण अनेक कारकून एकत्र आले, भागभांडवल घातलं, तर सोसायटी बांधू शकते. इमारत सोसायटीची, आणि सभासद तिचा भागधारकही आणि भाडेकरूही. इथे राहणारा माणूस सभेत बसू शकत होता, हिशेब विचारू शकत होता. सरकारी खोलीत आणि या घरात मोठा फरक विटांचा नव्हता, सभेचा होता.

अर्थात त्या सभेलाही मर्यादा होत्या. सोसायटी एका जातीची होती आणि सभेत बसणारे बहुतेक पुरुषच. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, हे तिथे कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर तिसरा शब्द आला, चौरस फूट. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला, १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी उभी केली, आणि मध्यमवर्गीयाला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज मिळण्याची वाट रुंद झाली. ही फार मोठी गोष्ट आहे. निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंडातून घर घेणारा माणूस तिशीत घर घेऊ लागला. मग बिल्टअप, सुपर बिल्टअप असे शब्द आले आणि आपण जिन्याचेही पैसे देऊ लागलो. शेवटी २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली.

पण कर्जाने आराखड्याचं काय केलं, ते पाहा. समजा, तुमच्या प्लॅनमध्ये १० बाय १२ ची एक जादा खोली आहे. बांधकामाचा दर सोयीसाठी २,००० रुपये चौरस फूट धरू. १२० चौरस फुटांचे होतात २ लाख ४० हजार. हीच रक्कम ९ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात घातलीत, तर फेडेपर्यंत साधारण ५ लाख १८ हजार भरावे लागतात. म्हणजे "पुढेमागे लागेल" म्हणून आज बांधलेली खोली दुपटीहून महाग पडते. खणाच्या हिशेबात ती लागेल तेव्हा, हातात पैसे असतील तेव्हा बांधली गेली असती. आता वीस वर्षांची कमाई आणि पुढचा सगळा संसार एकाच बैठकीत, एकाच कागदावर ठरवायचा असतो.

हे काही आर्किटेक्टांनाही खुपत होतं. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज केलं, १९८० च्या दशकात. सात घरांमध्ये एक अंगण, प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. का? तर मालकाला पुढे घर वाढवता यावं. पुढे लोकांनी ती घरं खरोखर वाढवली, काहींनी तर ओळखू येणार नाहीत इतकी. काही जण याला योजनेचं अपयश म्हणतात. मी म्हणेन, खण परत आला.

शेवटी एक घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. त्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर खोल्यांची यादी आहे : बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, आईची खोली. आई म्हणजे माझी आजी. पुढच्या पानांवर पोती, सळई, गवंड्याची मजुरी. अंदाज कोसळत गेलेला अक्षरावरूनही कळतो. आणि मग पहिल्या पानावर "आईची खोली" या शब्दांवर एक रेघ. बैठक तेवढीच राहिली, कारण पाहुणे येणार. आजी पुढची अकरा वर्षं त्या बैठकीतल्या दिवाणावर झोपली. पाहुणे आले की आत स्वयंपाकघरात जाऊन बसायची. वडील वाईट नव्हते हो. तिला कोणी विचारलं नाही आणि ती काही बोलली नाही, एवढंच.

तर त्या जोडप्याला माझं उत्तर असं. पहिल्यांदा प्लॅन बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. सासूबाईंना, वडिलांना, मुलांनाही. दिवसाचे कोणते तास कोण कुठे घालवतं, ते लिहा. मग लागतंच तेवढं आज बांधा, पण पाया, कॉलम आणि जिन्याची जागा अशी ठेवा की उद्या खण वाढवता येईल. पाण्याच्या जागा, म्हणजे मोरी, संडास, स्वयंपाकघर, शक्यतो जवळजवळ घ्या, पाइप वाचतो. आणि बजेट कमी पडलंच, कापाकापी करायची वेळ आलीच, तर कोणाच्या नावावर रेघ मारतोय, ते त्या माणसासमोर बसून ठरवा.

ते दोघं आज आलेत, मला मागच्या रांगेत दिसताहेत. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांच्या आईही आहेत. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, अशी माझी विनंती आहे.