३०० रुपयांचा इतिहास

आजचा विषय अर्थसंकल्पातल्या एका छोट्या आकड्याचा आहे, पण सुरुवात मयूर विहारपासून करू.

दिल्लीच्या पूर्वेला, यमुनेपलीकडे मयूर विहार आहे. फेज १ मधून चिल्ला गाव ओलांडलं की नोएडा लागतं, म्हणजे उत्तर प्रदेश. मेट्रोने गेलात तर सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही. दिव्यांग पेन्शनच्या बाबतीत मात्र ती चांगलीच कळते. दिल्ली सरकारने २०१७ मध्ये ही पेन्शन महिना २५०० रुपये केली. उत्तर प्रदेशाने २०२१ च्या अखेरीस ती ५०० वरून १००० केली. अपंगत्व तेच, बाजारभावही जवळपास तेच, फरक फक्त पत्त्याचा.

मग केंद्र सरकार काय देतं? ३०० रुपये.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजना २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हा रक्कम २०० होती. २०१२ मध्ये ती ३०० झाली आणि तिथेच थांबली. तीही दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांनाच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. या योजनेतले लाभार्थी दहा लाखांच्या आसपास. रक्कम वाढवा, असं संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. २०१२ पासून महागाई साधारण दुप्पट झाली, म्हणजे आजच्या ३०० ची किंमत तेव्हाच्या दीडशेच्या आसपास. मधल्या काळात, २०१५ च्या डिसेंबरात, पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं आणि सरकारी पाट्या बदलल्या. रक्कम बदलली नाही.

ब्रिटनशी तुलना करून बघा. तिथे २०२५ मध्ये सरकारने अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करायचं ठरवलं. विधेयक आणावं लागलं, सत्ताधारी पक्षाचेच खासदार बिथरले आणि जुलैमध्ये तो भाग सरकारला मागे घ्यावा लागला. कपात करायची तर तिथे उघड्यावर यावं लागतं. आपल्याकडे काहीच करावं लागत नाही. आकडा आहे तिथे ठेवायचा, बाकीचं काम महागाई करते. मी याला कपातच म्हणतो.

आता रोजगाराकडे वळू. इथे मुंबईचं नाव आधी घ्यावं लागतं. अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष रोजगार विनिमय केंद्र १९५९ मध्ये मुंबईत सुरू झालं. १९७७ मध्ये केंद्राच्या क आणि ड गटातल्या पदांवर ३ टक्के आरक्षण आलं, १९९५ च्या कायद्याने त्याला बळ मिळालं, २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के झालं. अर्थात कागदावर. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ३ टक्के एकूण रिक्त पदांवर मोजायचे, फक्त अपंगांसाठी 'योग्य' ठरवलेल्या पदांवर नव्हे. कायदा होऊन तोवर अठरा वर्षं झाली होती.

सरकारी नोकरी नाही तर पीसीओ, अशी एक वाट होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेलिफोन बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. मुंबईच्या फुटपाथवरचे बूथ आठवत असतील: एक खुर्ची, एक मीटर, शेजारी काचेची बरणी. मोबाइल आला आणि फोनचा धंदा संपला. कुणी झेरॉक्स मशीन ठेवलं, कुणी वेफर्स आणि बिस्किटं. त्यांच्यासाठी सरकारने दुसरी वाट काढली का? काढली, पण भलत्याच रस्त्यावर. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात वर्षाला एक लाख नोकऱ्यांची घोषणा झाली आणि अकराव्या योजनेत त्यासाठी १८०० कोटी ठेवले गेले. खासगी मालकाने २५,००० पर्यंत पगारावर दिव्यांग कामगार ठेवला, तर त्याचा पीएफ आणि ईएसआयचा हिस्सा तीन वर्षं सरकार भरणार. आता पीएफ लागू होतो साधारण वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला. बूथवाला, शिंपी, पानटपरीवाला यांत कुठे बसतो? प्रतिसाद अगदीच तुटपुंजा राहिला.

२०१६ च्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राची 'सिपडा' नावाची योजना आहे. इमारतींतले रॅम्प, कौशल्य प्रशिक्षण वगैरे त्यातून होतं. तिची तरतूद २०२२-२३ मध्ये २४० कोटी, पुढच्या वर्षी १५०, त्याच्या पुढच्या वर्षी १३५. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी असं आहे. पण त्याच कलमाची सुरुवात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी आहे. शिवाय साठीनंतरच्या वृद्धांना केंद्र २०० रुपये देतं. त्या हिशेबाने ३०० म्हणजे दीडपट. झाला कायदा पूर्ण!

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. ६०० चे १००० आणि मग १५०० झाले. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिचेही १५०० च. दुसऱ्या सरकारी योजनेतून आधीच १५०० मिळत असतील तर ती बहीण अपात्र. जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, मागणी ६००० ची होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी १५०० चे २५०० केले. रस्त्यावर उतरल्यावर आकडा हलतो, एवढं यातून दिसलं.

पण उत्पन्नाची अट बघा. या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. घरातल्या कुणाला वॉचमनची नोकरी लागली की अनुदान गेलं. नोकरी टिकेल याची खात्री नाही आणि सुटली तर पुन्हा तहसील कार्यालयाच्या खेपा. अशा घरातला माणूस नोकरी नाकारतो तेव्हा त्याला आळशी म्हणणारे भेटतात. त्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

मयूर विहारकडे परत येतो. नोएडातला एखादा दिव्यांग कामगार भाड्याची खोली सोडून चिल्ला गावात राहायला आला, तर १००० च्या जागी २५०० मिळतील असं वाटेल. दिल्लीच्या पेन्शनसाठी दिल्लीत पाच वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.