आज्ञेचें रणांगण

सुटलेला बाण माघारी बोलावितां येत नाहीं. सायलस वॉर्नर या अमेरिकन गृहस्थांनीं याच न्यायावर एक खेळ रचिला. इलिनॉय विद्यापीठांत जन्मलेल्या ‘प्लेटो’ या संगणक-व्यवस्थेवर तो प्रथम खेळला गेला व १९८१ सालीं ‘म्यूज’ कंपनीनें ‘ॲपल टू’ या घरगुती संगणकासाठीं ‘रोबोटवॉर’ या नांवानें विक्रीस काढिला. त्याच सालीं वॉर्नर यांचा ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ अधिक गाजला. विचारास खाद्य मात्र याच खेळानें अधिक पुरविलें.

येथें खेळाडूच्या हातीं शस्त्र मुळींच येत नाहीं. तो यंत्रमानवासाठीं आज्ञा लिहितो: रडार कोणीकडे फिरवावें, शत्रु दिसतांच तोफ किती अंशांत वळवावी, भिंत जवळ येतांच वेग कसा आवरावा. चुका हुडकण्यासाठीं एकेक आज्ञा चालवून पाहण्याची सोय वॉर्नर यांनीं ठेविली होती. उतावळे तिच्याकडे पाठ फिरवीत असतीलच! पण युद्ध जुंपलें, कीं अक्षरहि बदलतां येत नसे. परीक्षेच्या दालनाबाहेर ताटकळणाऱ्या बापासारखें नुसतें पाहत बसावयाचें. यंत्र भिंतीवर आदळलें, तर त्यास बोल लावण्याची सोय नाहीं. सांगितलें तेवढेंच तें करीत असे.

पुढें ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ मासिकानें या यंत्रमानवांच्या स्पर्धा भरविल्या. वॉर्नर २००४ सालीं निवर्तले. त्यापूर्वींच, २००१ सालीं, मॅथ्यू नेल्सन यांचा ‘रोबोकोड’ हा त्याच धर्तीचा खेळ ‘जावा’ भाषा शिकणाऱ्यांच्या हातीं आला होता. तेथेंहि सामना सुरू होतांच लिहिणारा प्रेक्षक होतो.