रंग न लावलेला रंग

गेल्या गणपतीच्या तोंडावर आई पेणच्या घरी ओल्या पडवीत घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लेट घालावी लागणार होती. डॉक्टरांनी समजावताना ट्रे उघडून दाखवला तर आत हिरव्या, निळ्या, सोनेरी पट्ट्या आणि स्क्रू. टायटॅनियमचे. डॉक्टर म्हणाले, "मापं ओळखायला रंग असतात."

आईचा जन्म पेणचा. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतले गणपती बघतच ती मोठी झाली. ती ताडकन म्हणाली, "आमच्या गणपतीचा रंग पाण्यात गेला की सुटतो. हे तर रक्तात राहणार. मला साधी पांढरी द्या, नाहीतर मी सही करत नाही."

सूज उतरेपर्यंत दोन दिवस हातात होते. मी पडलो जावावाला, इंजिनिअर फक्त नावाचा. मग काय, बसलो वाचत.

टायटॅनियमचा शोध तसा जुना. १७९१ साली विल्यम ग्रेगर या इंग्लंडमधल्या पाद्र्याला कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत एक नवं मूलद्रव्य सापडलं. (तसलीच इल्मेनाइटची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे.) १७९५ला क्लाप्रोथने त्याचं बारसं केलं. पण शुद्ध धातू हाती यायला १९१० उजाडलं, ते काम हंटरचं. क्रोलची पद्धत आल्यावर १९४८मध्ये धंदेवाईक उत्पादन सुरू झालं. इतका उशीर का? तर ह्या धातूचं ऑक्सिजनवर विलक्षण प्रेम, एकदा धरला की सोडत नाही.

आणि रंगाचं गुपितही ह्या प्रेमातच आहे. टायटॅनियम हवेत आला की त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर आपोआप बसतो. तो पारदर्शक असतो, दिसत नाही. आता तो तुकडा सौम्य आम्लात बुडवून बॅटरीच्या धन टोकाला जोडायचा. विजेच्या ओढीने ऑक्सिजनचे आयन आत येतात, टायटॅनियमचे बाहेर निघतात आणि थर वाढायला लागतो. पण थर जाड झाला की तेवढाच व्होल्टेज जास्त अंतरावर वाटला जातो, ओढ कमी होते आणि वाढ जवळजवळ थांबते. आयनांचा प्रवाह ह्या ओढीवर किती झपाट्याने अवलंबून असतो हे गुंटरशुल्ट्से आणि बेट्झ यांनी १९३४ साली अॅल्युमिनियमवर मोजलं होतं. कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यामागचा सिद्धांत मांडला.

म्हणजे व्होल्टेज ठरवला की जाडी ठरली, साधारण एका व्होल्टला दोन नॅनोमीटर. थराच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखंच. तीसेक व्होल्टला निळा, साठच्या आसपास पिवळा, पंचाहत्तरला जांभळट-गुलाबी, शंभरच्या पुढे हिरवा. डबा नाही, ब्रश नाही, नुसतं एक बटण फिरवायचं! आमच्या यूआयवाल्यांना हे कळलं तर वेडे होतील :-)

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "पेट्रोलचा रंग पण पुसला जातो."

शेवटी रोह्याहून मामा आला. त्याची उभी हयात धाटावच्या एमआयडीसीत रंगद्रव्यांच्या कारखान्यात गेलेली. रोह्याला हा धंदा नवा नाही. पुण्यात १९५१ साली सुरू झालेल्या सुदर्शन केमिकलचे कारखाने रोहा आणि महाडला आहेत आणि मोत्यासारखी चमकणारी पर्ल रंगद्रव्यंही ते बनवतात. मामाने मला ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, "ताई, गणपतीच्या पितांबराला जी पर्लची झाक मारतात ती माहितीये ना?" ती माहीत नसायला काय झालं!

"ती भुकटी म्हणजे अभ्रकाची बारीक पापुद्री, वर टायटॅनियम ऑक्साइडचा थर. पातळ असेल तर चंदेरी, वाढवत नेला की सोनेरी, तांबडा, निळा, हिरवा. ऑक्साइड तोच, आणि मुळात तो पांढराशुभ्र. गणपतीचा रंग सुटतो तो डिंक-बाइंडर सुटतो म्हणून. तुझ्या पट्टीत बाइंडरच नाही. धातूच वरून ऑक्साइड झालाय."

मी कपाळाला हात लावला. दोन दिवसांच्या वाचनात मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. (अशी अभ्रकाची रंगद्रव्यं १९६०च्या दशकात बाजारात आली. त्याआधी चमक माशांच्या खवल्यांतून काढत. कोकणात राहून हे मला माहीत नव्हतं.)

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, रंग अमर नाही. थर नॅनोमीटरचा, खरवडला तर जातो. पण उघड्या पडलेल्या जागी पातळ बिनरंगी थर लगेच पुन्हा धरतो, आणि धातूचं रक्षण तोच करतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्कला १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघता निघेना. १९६५मध्ये त्याने पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते बसवलं. हाड चिकटतं ते खरं तर धातूला नाही, ह्या ऑक्साइडला.

आईने सही केली. दीड महिन्याने एक्स-रे काढला. त्यात पट्टी अर्थातच पांढरी. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हिरवी घातली होती ना रे? मी सगळ्यांना हिरवी सांगितलंय."