वर्गणी आधीं, अनुदान मागून

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकांत दानधर्माची हकीकत शोधूं गेलें, तर राजेरजवाड्यांचीं इनामें सांपडतात आणि शेठसावकारांच्या धर्मशाळा सांपडतात. परंतु पन्नास घरांनीं मिळून काढलेल्या वाचनालयाला वर्षाकाठीं मिळालेले शंभर रुपये कोणाहि बखरकारानें नोंदून ठेवलेले नाहींत. वस्तुतः अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांचें सार्वजनिक जीवन अशाच लहान रकमांवर आणि बिनपगारी माणसांच्या फावल्या वेळावर उभें राहिलें आहे. या लहान अनुदानांचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि त्यांतून निघणारा एक नियम आपल्यापुढें ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, देणगी आणि अनुदान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. १८१८ सालीं राज्य गेल्यावर इंग्रजांनीं ती प्रथा एकदम मोडली नाहीं. पुढें १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि त्या निधीचा कांहीं भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळला. ही मदत व्यक्तीला होती. घेणाऱ्याच्या ठायीं विद्वत्ता असावी, एवढीच अपेक्षा. त्यानें पदरचें कांहीं घालावें अशी अट नव्हती.

१८५४ च्या जुलै महिन्यांत शिक्षणाविषयींचा जो प्रसिद्ध खलिता विलायतेहून निघाला, आणि ज्याला आपण वुडचा खलिता म्हणतों, त्यानें दुसरेंच तत्त्व आणलें. शाळेला सरकारी मदत हवी असेल, तर तिची व्यवस्था पाहणारी जबाबदार स्थानिक मंडळी असली पाहिजे. सरकारी तपासणी मान्य केली पाहिजे. आणि मुलांकडून थोडी कां होईना, पण फी घेतली पाहिजे. यांत सरकारला स्वतःचा खर्च वांचवायचा होता, हें उघड आहे. तथापि, लोकांनीं आधीं उभें राहावें आणि सरकारनें मागून हात द्यावा, ही कल्पना येथून आपल्या देशांत रुजली.

या कल्पनेला खरें लोकोपयोगी रूप दिलें तें मात्र एका संस्थानिकानें. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या खेड्यांत शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते. १९१० सालीं त्यांनीं विल्यम बोर्डन नांवाच्या ग्रंथपालास अमेरिकेंतून बोलावून घेतलें आणि राज्यभर वाचनालयांची योजना आंखली. त्या योजनेंतील पैशाचा हिशेब मोठा मार्मिक आहे. गांवकऱ्यांनीं वर्षाला पंचवीसपासून शंभरपर्यंत रुपये जमवावे; तितकीच रक्कम प्रांत पंचायत घालील आणि तितकीच सरकार घालील. वाचनालयाची इमारत बांधायची झाली, तरी हाच तिहाई वांटा. म्हणजे गांवानें पन्नास रुपये गोळा केले कीं वाचनालयाच्या पेटींत दीडशें पडत. आणि गांवानें कांहींच केलें नाहीं, तर सरकारहि एक पै देत नसे.

या व्यवस्थेंत दोन गुण होते. पहिला असा कीं, गांवाला वाचनालय खरोखर हवें आहे कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं कोणा अंमलदाराच्या शिफारशीची गरज उरली नाहीं. जमलेली वर्गणीच त्याचा पुरावा. दुसरा गुण याहून मोलाचा. ज्यानें आपला रुपया घातला, तो पुढें पुस्तकांचें काय झालें हें विचारावयास येतोच. तपासनीस वर्षांतून एकदां येतो. वर्गणीदार रोज संध्याकाळीं येतो.

आतां आपल्या उपनगरांकडे वळूं. साष्टीचा हा सारा प्रदेश पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली आणि १८६७ सालीं दुसरी गाडी विरारपर्यंत गेली. शहरांत जागा महाग झाली, प्लेगच्या सांथीनें माणसें हवालदील झालीं, तसतशी चाकरमान्यांची वस्ती या दोन्ही लोहमार्गांच्या कडेनें सरकूं लागली. १९२० सालीं साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यांत आला. परंतु मुंबईच्या महापालिकेची हद्द येथें यावयास बराच काळ लागला. अंधेरीच्या बाजूचीं उपनगरें तिच्यांत १९५० सालीं आलीं. बोरिवली आणि मुलुंड यांना १९५७ सालापर्यंत थांबावें लागलें. तोंवर ज्याला जें हवें, तें शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून उभारणें हाच मार्ग होता.

अंधेरीला लागून असलेलें पार्लें हें याचें उत्तम उदाहरण होय. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९२१ सालीं, पार्लेकरांनीं त्यांच्या नांवानें विद्यालय काढलें, आणि १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघाची स्थापना केली. गांव लहान, माणसें मध्यम मिळकतीचीं. तरी या दोन्ही संस्थांनीं आपली शंभरी पार केली आहे. पुतळा उभारला असता तर एकदांच वर्गणी द्यावी लागली असती. संस्था काढल्यामुळें ती पिढ्यान् पिढ्या द्यावी लागली, आणि हेंच त्यांच्या दीर्घायुष्याचें कारण आहे असें मी समजतों.

वाचनालयांच्या बाबतींत आपल्या इलाख्यानें पाऊल उचललें तें १९३९ सालीं. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें असफ अली असगर फैझी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिच्या योजनेचा अंमल महायुद्ध संपल्यावर हळूहळू सुरू झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें गांवोगांवच्या ग्रंथालयांना अनुदान मिळूं लागलें. २०१२ नंतर ड वर्गाला तें वर्षाकाठीं तीस हजार रुपये होतें. २०२२ सालीं त्यांत साठ टक्के वाढ झाली. मुंबईसारख्या शहरांत या रकमेंतून पुस्तकें, वर्तमानपत्रें, विजेचें बिल आणि ग्रंथपालाचा पगार भागवावयाचा, म्हणजे काय कसरत होत असेल, याची कल्पना गृहिणींना तरी चटकन् येईल.

अशा एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळांत मीं कांहीं वर्षें काम केलें आहे. अनुदानाचा दुसरा हप्ता एका वर्षीं फार उशिरां आला. ग्रंथपालबाई तीन महिने विनावेतन येत राहिल्या, आणि शेवटीं चार सभासदांनीं आपसांत पैसे काढून त्यांचा पगार चुकता केला. हप्ता आला तेव्हां त्याबरोबर हिशेबाच्या नमुन्यांचा एक गठ्ठाहि आला. ते नमुने भरण्यासाठीं जितक्या संध्याकाळीं खर्ची पडल्या, तितक्यांत मुलांसाठीं एखादी गोष्टींची मालिका सहज पार पडली असती. लहान रकमेला मोठ्या रकमेइतकेच कागद लागूं नयेत, हें साधें तत्त्व आहे.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. २०१२ सालीं राज्यांतील ग्रंथालयांची सरसकट पडताळणी झाली, तेव्हां कित्येक ठिकाणीं पाटी होती आणि ग्रंथालय नव्हतें. हें कसें घडलें? जेथें अनुदान आधीं आलें आणि वर्गणी कधींच आली नाहीं, तेथें विचारणाराच कोणी उरला नाहीं, असें माझें मत आहे.

आपणांपैकीं कोणी विचारील कीं, ज्यांच्या घरीं दोन वेळची भ्रांत, त्यांनीं वर्गणी आधीं कोठून आणावी? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आपल्याच शहरांत मिळतें. १९९५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानें झोपडवस्त्यांत शौचालयें बांधण्याची योजना महापालिकेनें हातीं घेतली. वस्तींतील लोकांनीं आपली संस्था करावी, दर प्रौढ माणसामागें शंभर रुपये, परंतु एका कुटुंबाचे पांचशेंहून अधिक नाहींत, अशी रक्कम जमवावी. बांधकाम महापालिका करील आणि पुढील देखभाल ती संस्था पाहील. अशीं तीनशेंहून अधिक शौचालयें उभीं राहिलीं. सगळींच नीट चाललीं असें नव्हे. पण वर्गणी गरिबांना अशक्य असते, हा समज त्यांनीं खोटा ठरविला.

घाटकोपरची हकीकत याहून बोधप्रद आहे. तेथील जोशी लेनमधील रहिवाशांनीं १९९६ च्या सुमारास ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचें काम स्वतःहून अंगावर घेतलें. येथें वर्गणी पैशाची नव्हती, रोजच्या श्रमाची होती. आणि महापालिकेकडून मिळालेलें साहाय्यहि मुख्यतः सेवेचें होतें. पुढें महापालिकेनें हीच पद्धति शहरभर उचलली, आणि गल्लोगल्लीं अशीं नागरिक मंडळें शेंकड्यांनीं निघालीं. पैकीं पुष्कळ आज थंडावलीं आहेत. जेथें दोनचार माणसें वयानें थकलीं आणि मागून तरुण आले नाहींत, तेथें कोणतेंहि अनुदान उपयोगी पडलें नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. स्वयंसेवक म्हणजे स्वस्त मजूर नव्हे. रोज आठ तास झाडू मारणाऱ्या माणसाला ‘स्वयंसेवक’ ही पदवी देऊन त्याची मजुरी कापणें, हा अनुदानाचा दुरुपयोग आहे. ज्याचें पोट त्या कामावर आहे, त्याला पुरा पगार द्यावा. ज्यानें आपला फावला वेळ आनंदानें दिला, त्याचा मान राखावा. या दोघांची सरमिसळ झाली कीं पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसरा निघून जातो.

सारांश, लहान अनुदान हें विरजणासारखें आहे. दूध घरचें असेल तरच त्याचें दही होतें. रिकाम्या भांड्यांत विरजण घालून कांहीं मिळत नाहीं. सरकारनें आणि महापालिकेनें तें वेळेवर द्यावें, थोडक्या कागदांवर द्यावें, हें मागण्याचा आपणांस अधिकार आहे. पण त्याआधीं आपल्या वस्तींतील वाचनालयाची, व्यायामशाळेची किंवा महिला मंडळाची वर्गणी आपण भरली आहे काय, आणि त्यांच्या वार्षिक सभेस जाऊन जमाखर्च वाचला आहे काय, हें प्रत्येकानें पाहावें. या संस्थांच्या सभांना गणसंख्येसाठीं पुरेशीं माणसें मिळत नाहींत, हें मीं अनेक वर्षें पाहिलें आहे. पुढच्या सभेची सूचना फलकावर लागेल तेव्हां ती तारीख आपल्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.