मधली मेणबत्ती

परवा नातीचा सातवा वाढदिवस झाला. तिला उंच केक हवा होता. "आजी, माझ्या गुडघ्यापर्यंत येईल एवढा!" लेकीने तीन मजल्यांचे स्पंज आदल्या रात्रीच भाजून ठेवले होते. सकाळी आयसिंगचा कोन माझ्या हातात दिला. तेहेतीस वर्षं खडू धरलेला हात थोडा थरथरला, पण फळ्यावर सुविचार लिहायची सवय कामी आली.

लेकीने खालच्या केकमध्ये जाड स्ट्रॉ कापून रोवल्या, त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवली, मग वरचा केक. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "अगं, नाहीतर वरचा खालच्यात रुतेल. दहीहंडीसारखंच, खालचा थर भक्कम हवा."

या उंचीची सुरुवात राजवाड्यांतली. 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मजल्यांचा केक होता, पण तळाचा भाग तेवढा खरा केक, वरचा सगळा डोलारा साखरेचा! राणीच्या धाकट्या मुलाच्या, लिओपोल्डच्या लग्नात, 1882 मध्ये, वरपर्यंत खाता येईल असा केक झाला. तोच थाट आज आमच्या ओट्यावर उभा होता.

मेणबत्त्या लावायची वेळ आली आणि मला 1988 साल आठवलं. तेव्हा लेक सात वर्षांची होती. मैत्रिणीचा वाढदिवस पाहून आली आणि केकचा हट्ट धरून बसली. मी बाईंच्या आवाजात सांगितलं, "आपल्यात दिवा ओवाळतात, फुंकून विझवत नाहीत." शिरा केला, औक्षण केलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात मातीचा केक दिसला. त्यात माझ्या डब्यातले सात खडू रोवलेले होते. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मुलांना इतिहास शिकवणाऱ्या मला या मेणबत्त्यांचा इतिहास मात्र शोधावासा वाटला नव्हता.

तो निवृत्तीनंतर वाचला. जर्मनीत 1746 मध्ये काउंट झिंझेनडॉर्फच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल एवढा मोठा केक केला होता. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक भोक, त्यात एक मेणबत्ती, आणि मधोमध आणखी एक. ती जास्तीची कशासाठी? मी माझ्यापुरता अर्थ लावला, ती येणाऱ्या वर्षाची. औक्षण करताना आपण तरी दुसरं काय मागतो? औक्षवंत हो, एवढंच ना!

केकवर सात मेणबत्त्या लावल्या. मधोमध आठवी मी लावली आणि नातीला सांगितलं, "ही फुंकायची नाही हं." तिने सात फुंकल्या. उरलेल्या ज्योतीवर मी निरांजनाची वात पेटवली आणि तिला ओवाळलं. मग लेकीलाही ओवाळलं.

ती हसून म्हणाली, "आई, तेव्हा तुझे खडू चोरले होते मी."

"माहीत आहे," मी म्हटलं. एवढं सांगायला मला किती वर्षं लागली!

असो. केक छान झाला होता. थोडा डावीकडे कलला होता, तो दोष माझ्या आयसिंगचा.