पुंगळीची लांबी

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आजचा विषय काडतूस आहे म्हटल्यावर काही जण हसले. हसा, पण ऐका.

१८५७चं काडतूस कागदाचं होतं. दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची. चरबीचा संशय आला आणि पुढचं आपण जाणतोच. आपल्या नागपुरातही टाकळीच्या घोडदळाचा १३ जूनचा बेत ठरला होता, तो फसला. त्यानंतर नऊ वर्षांनी ब्रिटिश फौजेनं पितळी पत्र्याचं काडतूस घेतलं. आपल्या भावनांसाठी नव्हे बरं का, मागून भरायच्या बंदुका आल्या म्हणून!

पण गुंडाळलेला पत्रा फाटायचा, तापल्या बंदुकीत अडकायचा. सुदानच्या लढायांत हे फार जाचलं, आणि मग एकसंध पुंगळी आली. ७० भाग तांबं, ३० भाग जस्त. वाटीसारखा तुकडा साच्यातून पुन्हापुन्हा ओढायचा, मधेमधे तापवून मऊ करायचा. ओढताना काठ वेडावाकडा होतो, भाकरीच्या कडेसारखा. म्हणून तोंड छाटावंच लागतं. खडकीला, वरणगावला रायफलीची काडतुसं बनतात ती याच रीतीनं.

आता उडवलेली पुंगळी पुन्हा भरायची म्हटलं तर? अमेरिकेत शौकीन नेमबाज घरी भरतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तर बार उडाला की पुंगळी फुगते. साच्यात दाबून ती मूळ आकारात आणली, की पितळ मानेकडे सरकतं आणि लांबी वाढते. ७.६२ नाटो काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर, छाटून साधारण ५०.९३ करतात. म्हणजे पाव मिलिमीटरचा मामला! पण वाढीव तोंड नळीच्या आतल्या कडेवर दाबलं गेलं तर गोळी आवळली जाते, दाब भलताच चढतो, आणि बंदूक गालाला लावलेली असते हो.

आम्हाला अडवणारा प्रश्न निराळाच. हे वाढलेलं पितळ आलं कुठून? बुडाजवळच्या भिंतीतून. वर छाटत जावं तशी ती खाली पातळ होत जाते. मापपट्टी फक्त लांबी सांगते, आणि लांबी तर बिनचूक! म्हणून जाणते लोक टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवतात. बुडाशी खाच लागली, की पुंगळी भंगारात.